मूळ इंग्रजीवरून

अकरा पुस्तकं. कोटाच्या खिशात मावतील एवढी,
कडा जास्त भाजलेल्या पावासारख्या.
मुखपृष्ठावर कधी पिस्तूल, कधी दिव्याखाली नुसतीच हॅट.
लेखक : रॉय हॅलम.
आत, मुंगीच्या टायपात :
मूळ इंग्रजीवरून अनुवाद – ओतिलिया व्हिएगास, पोर्तो.

माझं काम साधं. मूळ शोधायचं,
साल लिहायचं, कार्ड खणात टाकायचं.
लंडनला पत्रं धाडली, एडिंबरोला धाडली.
उत्तरं आली, सभ्य : अशा नावाचा इसम आमच्या नोंदीत नाही.
न्यूयॉर्कचा एक जुना पुस्तकविक्या लिहितो,
हॅलम सापडला तर मलाही कळवा,
माझ्याकडे गिऱ्हाईक बसलंय.

नदीचं मूळ शोधू नये, ऋषीचं कूळ शोधू नये.
खुनाच्या गोष्टीचं काय करावं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.
चोराच्या वाटा चोराला ठाऊक; मी पगारी माणूस,
माझं वर्ष गेलं.

मग पुस्तकंच वाचायला घेतली.
आधीच घ्यायला हवी होती.
हॅलमच्या लंडनमध्ये ट्राम चढावर धापा टाकते.
नदीवरून धुकं येतं
त्याला पिंपांचा वास, आंबत्या द्राक्षांचा.
घरमालकीण या खिडकीतून समोरच्या खिडकीत
गल्लीवरून चादरी वाळत घालते,
आणि इन्स्पेक्टर विल्कॉट, दर गुरुवारी रात्री,
खारवलेला मासा भिजत टाकून
मगच खुन्याच्या मागे निघतो.

लामेगो बंधूंचा छापखाना गेला, वही उरली :
नातवाच्या गॅरेजात, रंगाच्या डब्यांखाली.
मार्च त्रेपन्न. कागद. शाई. बांधणी.
अनुवादक, नऊशे एश्कुदो.
मूळ लेखकाचे मानधन – आडवी रेघ.
पुढल्या पुस्तकाला रेघ. त्याच्या पुढल्याला रेघ.
अकराही पट्टीनं मारलेल्या.
इतकी निर्धास्त रेघ कारकून
फक्त खऱ्या शून्यावर मारतो.

आणि परवान्याच्या फाइलीत निळ्या पेन्सिलीचा एकच शेरा :
'पोलीस लाचखाऊ व क्रूर दाखविले आहेत.
तथापि ते इंग्लंडचे आहेत. हरकत नाही.'
मी हसले. मोठ्यानं.
दप्तरखान्यातल्या शिपायानं चष्म्यावरून बघितलं.

नदीपलीकडे, गाइयाला, भाची राहते. झुलमिरा, वय शहाऐंशी.
'मावशी? आणि इंग्रजी?'
कवळी हातानं धरून हसली.
'तिला प्लीज येत होतं. धक्क्यावरच्या खलाशांकडून शिकलेली.
काकांना नेलं त्या हिवाळ्यात हप्त्यावर टाइपरायटर आणला.
स्वयंपाकघरात रात्रभर टकटक.
शेजारीण विचारायची, काय करतेस गं?
ती म्हणायची, अनुवाद.
अनुवाद करणाऱ्या बाईला पुढचं कुणी विचारत नाही.'

निघताना जिन्यापर्यंत आली.
'त्या इंग्रजाचे काही पैसे राहिलेत का हो तिकडे?
असले तर द्या की मला.'

अकरावं पुस्तक, पान एकशे बेचाळीस.
पहाटेचे चार. दारावर तिघं जण.
एक जण घरधन्याला म्हणतो, कोट घ्या, गारठा आहे.
बायको कोट घेऊन धावते, एक बाही उलटी.
मग टिंबांची एक पूर्ण ओळ,
आणि तळाशी, त्याच मुंगीच्या टायपात :
'मूळ मजकूर येथे वाचता येत नाही. – अनु.'

कार्ड महिनाभर टेबलावर पडून आहे.
लेखकाच्या रकान्यातला हॅलम खोडला,
वर तिचं नाव लिहिलं,
पेन्सिलीनं.
ती पंचवीस वर्षं त्या साहेबामागे नीट लपून राहिली,
आणि सत्तर वर्षांनी पुरावे गोळा करून
दार वाजवणारी
मी चौथी.